कलम चारशे सत्तेचाळीस : ताबा, नियत आणि तालुक्याचे कोर्ट

कोर्टकचेरीची मराठी निम्मी आपल्या ओळखीची आहे. फिर्याद, जामीन, मुचलका, तारीख, हुकूम, कैद, दस्तऐवज, कबजा, ताबा, वकील हे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने या मुलखात आले आणि इथलेच झाले. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे, त्यामुळे हे शब्द वर्गातही भेटतात आणि तालुक्याच्या कोर्टातही. पण मौज अशी की हेच शब्द छापलेला कागद पोलिसाच्या हाताने घरी आला की आपला माणूस गडबडतो. कागद घेऊन तो शाळेत येतो. गुरुजी, वाचून सांगा, यात काय लिहिले आहे?

अशा कागदांवर ४४७ हा आकडा आम्ही वारंवार पाहिला आहे. भारतीय दंड संहितेतले हे कलम. मराठीत त्याला 'फौजदारीपात्र अतिक्रमण' असे भारदस्त नाव आहे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत वाईट हेतूने शिरणे, एवढाच त्याचा अर्थ. गुन्हा लहान, शिक्षा लहान. पण या लहान कलमाने कितीतरी घरांची झोप उडवलेली असते आणि घाबरून केलेल्या एखाद्या सहीने तरुण मुलांच्या नोकरीच्या वाटेत धोंडा पडलेला असतो. म्हणून हे कलम कुठून आले, ते कोणाला शिक्षा देते, कोणाला सोडते आणि मुळात परक्या जागेत शिरलेला माणूस कोणाला म्हणायचे हे कसे ठरते, याचा थोडा इतिहास आपण पाहू.

मजलिस, महजर आणि दंड

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे जागाजमिनीचे तंटे नव्हते असे नाही. आदिलशाहीत, निजामशाहीत आणि पुढे मराठेशाहीत शेताच्या बांधावरून, वतनावरून, घराच्या हद्दीवरून भांडणे होत. ती गोतसभेपुढे किंवा मजलिशीपुढे जात. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन बसत आणि जिथे काजी असेल तिथे तोही बसे. निवाडा झाला की महजर लिहिला जाई, त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या पडत. कुणबी नांगर काढी, सुतार वाकस काढी. जिंकलेल्याने सरकारात हरकी भरायची आणि हरलेल्याने गुन्हेगारी. म्हणजे दोघांच्याही खिशाला चाट बसे, पण प्रकरण गावात सुरू होऊन बहुधा गावातच मिटे.

इस्लामी फिक्हमध्ये दुसऱ्याची वस्तू किंवा जागा जबरीने घेण्याला 'गसब' म्हणतात. त्याचा मुख्य इलाज वस्तू परत करणे आणि नुकसान भरून देणे हा. त्यावर शिक्षा द्यायची झाली तर ती काजीच्या विवेकावर सोडलेली असे. अशा विवेकाधीन शिक्षेला 'ताजीर' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण तो पुढे फार मोठ्या पुस्तकाच्या कपाळावर लागला.

मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ साली रेग्युलेशनांचा संच निघाला. त्यातल्या चौदाव्या रेग्युलेशनने गुन्हे आणि शिक्षा लिहून काढल्या. बंगालमध्ये मात्र कंपनीच्या फौजदारी कोर्टांत काजी-मुफ्तींचा सल्ला घेण्याची पद्धत, अनेक बदल होत होत, बरीच वर्षे टिकली. साऱ्या मुलखाला एक फौजदारी कायदा असावा म्हणून मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा तयार केला. तो तेवीस वर्षे दप्तरात पडून राहिला. १८५७ चे बंड होऊन गेले, कंपनीचे राज्य संपले आणि मग १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली.

या संहितेचे उर्दू भाषांतर ज्या मंडळींनी केले त्यांत डेप्युटी नझीर अहमद होते. हेच नझीर अहमद पुढे 'मिरातुल उरूस' लिहून उर्दू कादंबरीचे आद्य लेखक म्हणून नावाजले. भाषांतराचे नाव 'ताजीरात-ए-हिंद'. काजीच्या विवेकाला जो शब्द होता तो इंग्रजांच्या छापील कायद्याला मिळाला. आणि अतिक्रमणाला उर्दू कायद्यात शब्द रूढ झाला 'मुदाखलत-ए-बेजा', गैरवाजवी शिरकाव. मराठी 'अतिक्रमणा'त ओलांडण्याची कल्पना आहे. उर्दू शब्दात शिरणे आणि त्याचा गैरवाजवीपणा दोन्ही आहेत. कायद्याच्या मनातली गोष्ट उर्दू शब्दाने जास्त जवळून पकडली, असे आम्हाला वाटते.

पाऊल आणि नियत

कलम ४४१ मध्ये या गुन्ह्याची व्याख्या होती. तिचे दोन खांब. पहिला, जागा दुसऱ्याच्या ताब्यात हवी. मालकीत असा शब्द तिथे नाही. भाडेकरूच्या ताब्यातल्या खोलीत खुद्द घरमालक दांडगाईने शिरला तर तोही या कलमात सापडू शकतो. दुसरा खांब हेतूचा. शिरणाऱ्याच्या मनात एखादा गुन्हा करण्याचा किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा, त्याला त्रास देण्याचा हेतू हवा. रीतसर आत आलेला माणूसही अशा हेतूने तिथेच ठाण मांडून बसला तर तोही गुन्हा.

नुसते पाऊल पडले म्हणून फौजदारी गुन्हा होत नाही. अंधारात वाट चुकून कोणाच्या अंगणात गेलेला, पतंगामागे भिंतीवरून उडी मारलेला पोर, जागा आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने कुंपण घालणारा शेतकरी, यांच्यावर दिवाणी दावा होऊ शकेल, पण ४४७ लावायचे तर त्यांच्या मनातली खोट सिद्ध करावी लागेल. १९६० च्या दशकात पंजाबातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आपल्या शिरण्याने समोरच्याला त्रास होईल एवढे माहीत असणे पुरेसे नाही, त्रास देणे हाच शिरण्याचा हेतू असला पाहिजे, असा त्याचा सारांश. पुढे १९८० च्या दशकातल्या एका निकालात नवऱ्याला हयातभर राहण्याची परवानगी मिळालेल्या घरात त्याच्या मृत्यूनंतर राहत असलेल्या विधवेला याच न्यायालयाने या गुन्ह्यातून सोडवले. परवानगी संपली असेल तर जागेच्या मालकाने दिवाणी मार्ग धरावा, राहिल्याने ती गुन्हेगार होत नाही, असे कोर्टाने म्हटले. नवरा गेल्यावर सासरच्यांनी 'घर सोड, नाही तर पोलिसात देतो' अशी धमकी दिलेल्या बायका आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. त्यांच्या कानावर हा निकाल कोणी घातला आहे काय?

शिक्षांची उतरंडही पाहण्यासारखी आहे. साध्या अतिक्रमणाला, म्हणजे ४४७ ला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माणसाच्या राहत्या घरात, तंबूत, जहाजात किंवा प्रार्थनास्थळात शिरले तर ते 'गृह-अतिक्रमण', कलम ४४८, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मारहाणीची तयारी करून घरात शिरले तर कलम ४५२, सात वर्षांपर्यंत. रात्री घर फोडून चोरीसाठी शिरले तर कलम ४५७, चौदा वर्षांपर्यंत. १८६० साली पाचशे रुपये ही गरिबाच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढी रक्कम होती. तो आकडा एकशे साठ वर्षांहून जास्त काळ तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४४७ व ४४८ ही दोन्ही कलमे तिच्या कलम ३२९ मध्ये आली. कैदेच्या मुदती त्याच राहिल्या, दंडाची मर्यादा दोन्हीकडे पाच हजार झाली. जुने खटले जुन्याच कलमाखाली चालतात, त्यामुळे ४४७ हा आकडा कोर्टाच्या बोर्डावर अजून काही वर्षे दिसत राहील.

माणसांच्या बरोबरीने जनावरांच्या अतिक्रमणालाही इंग्रजांनी कायदा केला, १८७१ चा. आपल्या खेड्यांतला कोंडवाडा तो हाच. पिकात शिरलेली गाय किंवा बकरी कोंडवाड्यात जायची आणि दंड भरल्याशिवाय सुटायची नाही. पण याच कायद्यात अशी तरतूद होती की जनावर नाहक धरले गेले असेल तर धन्याने दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी, खरी ठरली तर शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. कोंडवाडा साऱ्या गावाला ठाऊक होता. दहा दिवसांची ही मुदत किती जणांना ठाऊक होती? कायद्यातला दंड आपोआप दारात येतो. त्यातला हक्क मात्र शोधत जावे लागते.

महाडचा दावा

अतिक्रमण झाले का, हे ठरवण्याआधी जागा कोणाची हे ठरवावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो तालुक्याच्याच एका कोर्टात, महाडला. दावा दिवाणी होता, ४४७ चा नव्हता. पण त्याच्या पोटात प्रश्न तोच होता.

रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे ठरवले. ठराव कागदावर राहिला. या तळ्याचे पाणी मुसलमान भरत, ख्रिस्ती भरत, जनावरेही पीत. अस्पृश्यांना तेवढी मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेसाठी जमलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळातही शिरणार अशी आवई उठली. जमावाने परतणाऱ्या परिषदेकरूंवर हल्ला केला. त्या दिवशी काही जणांनी महाडच्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. ज्यांच्या तळ्यावर जाण्याला शिरकाव म्हटले गेले, त्यांना ही दारे उघडी मिळाली. हल्लेखोरांवर खटला चालून जून १९२७ मध्ये पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढची लढाई महाडच्या दिवाणी कोर्टात होती. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह ठरला होता. त्याच महिन्यात काही सवर्ण नागरिकांनी दावा लावला. चवदार तळे ही स्पृश्यांची खासगी मालमत्ता आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरची परिषद भरवायलाही जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि मंडप तिथे पडला. कोर्टाचा हुकूम मानून बाबासाहेबांनी तळ्यावर जाण्याचा कार्यक्रम तहकूब केला. ते स्वतः बॅरिस्टर होते. दावा दिवाणी आहे, तो दिवाणी मार्गाने जिंकू, असे त्यांनी ठरवले.

निकाल लागला ८ जून १९३१ ला. कोर्टाने दावा फेटाळला. त्यातला मुद्दा आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सार्वजनिक तळे एका वर्गाने फार वर्षे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून वापरणाऱ्याला मालकीचा हक्क मिळत नाही. वादींनी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात अपील केले. तेही ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांच्या खंडपीठाने शेवटचा निकाल दिला. अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, तळे नगरपालिकेचे आहे, असा त्याचा अर्थ. सव्वानऊ वर्षे लागली. ज्यांना शिरकाव करणारे म्हटले गेले होते ते हक्काने पाण्यावर आलेले नागरिक ठरले.

या निकालातून आम्ही एवढेच घेतो. 'ही जागा आमची, तू इथे शिरलास' असे जो मोठ्याने म्हणतो त्याचे म्हणणे खरेच असते असे नाही. ते कोर्टात सिद्ध करावे लागते. आणि समोरच्याकडे कागद असेल, वकील असेल आणि थांबण्याची तयारी असेल तरच सिद्ध-असिद्धाचा प्रश्न निघतो. एरवी आरोप हाच निकाल होऊन बसतो.

तालुक्याच्या कोर्टात काय घडते

आता आजच्या आपल्या तालुक्याकडे वळू. समजा, दोन भाऊ आहेत. वडिलोपार्जित घराची वाटणी तोंडी झालेली. मधली भिंत पडली, धाकट्याने ती दोन हात पुढे बांधायला घेतली. थोरल्याने पोलिसात फिर्याद दिली. कलमे लागली ४४७, ३२३, ५०४, ५०६. ही चौकडी तालुक्याच्या कोर्टात नित्याची. धाकट्यानेही उलट फिर्याद दिली. दोन खटले उभे राहिले आणि एकाच आईची मुले एकाच बाकावर दोन टोकांना बसली.

४४७ आणि ४४८ दखलपात्र आहेत, पण जामीनपात्रही आहेत. जामीन मिळणे हा इथे आरोपीचा हक्क, ती पोलिसांची मेहेरबानी नव्हे. कायद्याने घातलेली मुदतही आहे. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने साधारणपणे एका वर्षाच्या आत घ्यायला हवी. दोषारोपपत्र आले की प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी आरोपीला गुन्ह्याचा तपशील समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे काय?

हाच तो क्षण, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. आपली पोरे इथे 'कबूल' म्हणून मोकळी होतात. कारण कोणीतरी सांगितलेले असते की कबूल कर, पाच-सातशे रुपये भर, तारखांची कटकट संपेल. आखातात जायचे असते, पासपोर्ट अडलेला असतो, कारण फौजदारी खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी काढावी लागते. तीन वर्षे तारखा घेण्यापेक्षा दंड भरलेला बरा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. पुढे सरकारी नोकरीचा अर्ज भरताना 'आपणास कधी शिक्षा झाली आहे काय' या प्रश्नासमोर 'होय' लिहावे लागते. ज्या मुलाच्या मनात त्रास देण्याचा हेतूच नव्हता, ज्याचा गुन्हा सिद्ध करणे सरकारी वकिलालाही जड गेले असते, त्याने तो स्वतःच्या तोंडाने सिद्ध करून दिलेला असतो.

दुसरा मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे. ४४७ आणि ४४८ मध्ये तडजोड करता येते आणि तडजोडीचा हक्क कायद्याने जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला दिला आहे. त्याने कोर्टात तडजोडीची पुरशीस दिली की त्याचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा होतो. ३२३ आणि ५०४ ही कलमेही तशीच मिटतात, ५०६ चा सौम्य भागही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली भरणाऱ्या लोकअदालतीत अशी प्रकरणे एका दिवसात निकाली निघतात. वर सांगितलेल्या मजलिशीची थोडी आठवण त्यात आहे, फक्त हरकी आणि गुन्हेगारी गेली. मात्र फिर्याद लिहिताना 'काठ्या घेऊन घरात शिरले' एवढे वाक्य वाढले की कलम ४५२ लागते. ते अजामीनपात्र, आणि खालच्या कोर्टात त्यात तडजोड नाही. मग भावाभावांचे मन वळले तरी हायकोर्टात जाऊन खटला रद्द करून घ्यावा लागतो. रागाच्या भरात लिहिलेले एक वाढीव वाक्य दोन्ही घरांना किती महाग पडते, हे फिर्याद देणाऱ्यानेही जाणले पाहिजे.

तडजोड झाली नाही तर साक्षी होतात. फिर्यादी, पंच, शेजारी, तपास अधिकारी. मोजणीचा नकाशा, सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, घरपट्टीची पावती, विजेचे बिल हे कागद ताबा दाखवतात. पंच फिरतात, शेजाऱ्याला नेमके आठवत नाही, हद्दीची मोजणीच झालेली नसते. अशा वेळी संशयाचा फायदा देऊन कोर्ट आरोपीला सोडते. हेतू सिद्ध होत नाही हे त्याचे नेहमीचे कारण.

आणि दोष सिद्ध झालाच तर? तर शिक्षा सुनावताना न्यायाधीशापुढे बराच वाव असतो. तीन महिने ही कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादा कायद्यात नाही. नुसता दंड होऊ शकतो. दंड न भरल्यास भोगायची कैद मूळ मुदतीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देता येत नाही. 'कोर्ट उठेपर्यंत कैद' ही शिक्षाही असते, माणूस संध्याकाळपर्यंत कोर्टात बसतो आणि घरी जातो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली पहिल्याच गुन्ह्यात समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि अशी सुटका मिळाली तर शिक्षेपायी येणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. ही मागणी वकिलाने करावी लागते. नव्या संहितेत काही लहान गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा आली आहे, पण अतिक्रमणाच्या कलमात ती घातलेली नाही. ताजीर हा शब्द इथे पुन्हा आठवतो. छापील कायद्याने मर्यादा आखून दिली, तिच्या आतले सारे आजही समोर बसलेल्या न्यायाधीशाच्या विवेकावर आहे.

ज्याच्या जागेत दुसरा घुसला आहे त्यालाही काही सांगितले पाहिजे. शिक्षेने जागा परत मिळतेच असे नाही. बळजबरीने ताबा काढला गेला असेल तर दोष ठरवणारे कोर्ट ताबा परत देण्याचा हुकूम करू शकते. शिवाय १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे कलम ६ आहे. ज्याचा ताबा बेकायदा हिरावला त्याने सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावला तर मालकी कोणाची या वादात न शिरता कोर्ट त्याला ताबा देऊ शकते. सहा महिने उलटले की हा सोपा दरवाजा बंद. आपले लोक हे सहा महिने जमातीच्या बैठकीत, नातलगांच्या मध्यस्थीत आणि 'ईद होऊन जाऊ दे' म्हणण्यात घालवतात. मध्यस्थी वाईट नाही. पण कॅलेंडरकडे एक डोळा ठेवून ती करावी.

आपण काय करू शकतो

न्यायाची भाषा लोकांची असावी म्हणून महाराष्ट्रात १९९८ साली खालच्या कोर्टांची भाषा मराठी करण्यात आली. ही चांगली गोष्ट झाली. पण आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या कित्येक मुलांना बोलायची मराठी येते आणि कोर्टाची मराठी वाचता येत नाही. 'फौजदारीपात्र अतिक्रमण' वाचून त्याला काही बोध होत नाही, 'मुदाखलत-ए-बेजा' म्हटले तर निदान अर्थाचा माग लागतो. उर्दू शाळांत मराठी शिकवताना समन्स, जामीनपत्र, पंचनामा, पुरशीस यांचे नमुने का वाचून घेऊ नयेत? पत्रलेखनात सहलीचे वर्णन आपण दरवर्षी लिहून घेतो. एखाद्या वर्षी 'पोलीस ठाण्यात द्यावयाची तक्रार' लिहून घ्यावी, आणि तीत खरे तेवढेच कसे लिहायचे हेही शिकवावे.

दुसरी गोष्ट वकिलाची. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर स्त्रियांना, मुलांना, अटकेत असलेल्यांना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. ही समिती बहुधा त्याच कोर्टाच्या आवारात असते, जिथे आपला मुलगा 'कबूल' म्हणून दंडाची पावती घेऊन बाहेर पडतो. त्या दोन खोल्यांमधले अंतर पन्नास पावलांचेही नसते.

तिसरी गोष्ट कागदांची. तोंडी वाटणी ही मोठ्यांच्या हयातीत शोभते. ते गेले की तीच ४४७ ची जननी होते. घराचा उतारा, मोजणीचा नकाशा, पट्टीच्या पावत्या एका पिशवीत घालून घरातल्या बाईला ती पिशवी कुठे आहे हे ठाऊक असावे. कब्रस्तानाची आणि मशिदीच्या जागेची मोजणी भांडणाआधी करून घ्यावी, भांडणानंतर केलेल्या मोजणीवर कोणाचाच भरवसा बसत नाही.

आणि चौथी गोष्ट त्या एका प्रश्नाची. न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे काय? खरोखर गुन्हा केला असेल तर कबूल करण्यात कमीपणा नाही, आणि तेव्हाही वकिलाकडून परिवीक्षेची मागणी आधी करून घ्यावी. पण मनात तसे काही नव्हते, जागा आपलीच असे वाटत होते, भांडण भिंतीचे होते, तर 'कबूल नाही' एवढे दोन शब्द म्हणायला हवेत. महाडच्या तळ्यावर गेलेल्या लोकांनी आपण परक्या जागेत शिरलो हे एकदाही कबूल केले नाही. त्यांना नऊ वर्षे लागली. आपल्या पोराला कदाचित दोन-चार तारखा जास्त लागतील. त्या तारखांना त्याच्याबरोबर घरातल्या कोणीतरी जावे, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.